घरी बसवलेले हात

माणसाला कामावरून दूर करण्यासाठी आपल्याकडे जितके शब्द आहेत, तितके त्याला कामावर घेण्यासाठी बहुधा नसतील. वर्तमानपत्रात ती 'कामगार कपात' असते. कंपनीच्या नोटीस बोर्डावर 'ले-ऑफ' किंवा 'ब्लॉक क्लोजर' असते. हंगामी पोरांना सात महिने भरत आले की 'ब्रेक' मिळतो. वय झालेल्यांसाठी 'स्वेच्छानिवृत्ती' आहे. तिच्यात इच्छा कोणाची असते हे विचारू नये. ज्याच्यावर हे सारे गुजरते तो मात्र एकच साधा शब्द वापरतो. तो म्हणतो, "घरी बसवलं."

आपल्या वार्षिकात बेकारीवर एखादा तरी लेख असतोच. परंतु ती बेकारी असते सुशिक्षितांची, म्हणजे आपली. ज्यांना नोकरी अजून मिळायची आहे त्यांची. जिची नोकरी होती, हातात कसब होते, वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव होता, आणि तरीही जिला एका सोमवारी गेटवरून परत पाठवले, अशा माणसाविषयी आपण फारसे लिहीत नाही. आमच्या भोसरी-चिंचवडच्या बाजूला अशी माणसे गल्लोगल्ली आहेत. फिटर, टर्नर, वेल्डर, टूलरूममधले कारागीर. त्यांच्या मुलीमुलांपैकी कितीतरी जण याच महाविद्यालयात इतिहास आणि अर्थशास्त्र शिकत आहेत. मीही त्यांपैकीच एक. तेव्हा या विषयावर तटस्थपणे लिहिण्याचा आव मी आणणार नाही.

प्रथम कायद्याचे थोडे. ले-ऑफ आणि कपात या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि बहुतेकांना त्या एकच वाटतात. वीज नाही, कच्चा माल नाही, तयार माल पडून आहे, यंत्र बिघडले, अशा कारणांनी मालक काम देऊ शकत नाही, पण कामगाराचे नाव मस्टरवर कायम असते, तो ले-ऑफ. मस्टरवरूनच नाव कमी झाले की ती कपात. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हा भेद होता. त्या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे आणि तिच्यातही तो तसाच आहे. ले-ऑफमध्ये मूळ पगार व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळते. येथे वाचकांनी थोडे थांबावे. निम्मा पगार म्हणजे दरमहा हातात पडणाऱ्या रकमेच्या निम्मे नव्हे. ओव्हरटाइम, पाळीभत्ता, उत्पादन बोनस हे सारे त्यातून वगळले जाते. ज्याचे घर ओव्हरटाइमवर चालत होते, त्याच्या हाती मग काय उरते याचा हिशेब कोणत्याही गृहिणीने दोन मिनिटांत करून दाखवावा. शिवाय ही भरपाई पन्नासांहून कमी कामगार असलेल्या कारखान्यात लागूच नाही, बदली किंवा नैमित्तिक कामगाराला ती नाही आणि ज्याची वर्षभराची सलग नोकरी नाही त्यालाही ती नाही. वर्षभर म्हणजे कायद्याच्या भाषेत २४० दिवस प्रत्यक्ष काम. हंगामी पोरांचा ब्रेक नेमका त्या सुमारास का येतो, हे आता वेगळे सांगायला नको.

आणखी एक अट आहे. ती वाचताना मला सर्वांत जास्त चीड आली. भरपाई हवी असेल तर कामगाराने रोज ठरलेल्या वेळी कारखान्यात जाऊन हजेरी लावली पाहिजे. काम नाही हे दोघांनाही ठाऊक असते. तरी गेटवर जायचे, सही करायची आणि परत फिरायचे. कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल. काम निघाले तर माणूस हजर असावा, एवढाच असेल. पण पंचवीस वर्षे ज्याने लेथवर शंभरांश मिलिमीटरचे माप सांभाळले, त्याने रोज सकाळी साडेआठला सही करून पावणेनऊला बसस्टॉपवर उभे राहायचे, याने माणसाचे आतून काय होते ते कोणत्याही कलमात लिहिलेले नाही.

माझे वडील टर्नर. २०१९ साली वाहनउद्योगात मंदी आली आणि मोठमोठ्या कारखान्यांनी उत्पादनबंद दिवस पाळायला सुरुवात केली. मोठ्याला सर्दी झाली की सुटे भाग करणाऱ्या लहानाला न्यूमोनिया होतो. बाबांच्या कारखान्यात ऐंशी-पंच्याऐंशी कामगार. आधी आठवड्यातून एक दिवस बंद, मग तीन दिवस, मग ले-ऑफ. आणि शेवटी २०२० च्या टाळेबंदीनंतर, करोनाच्या त्या टाळेबंदीनंतर म्हणते मी, मालकाच्या नव्हे, कपातीची नोटीस. शंभराहून कमी कामगार असल्यामुळे सरकारच्या परवानगीची अट तेथे लागू नव्हती. नव्या संहितेत ती मर्यादा तीनशेवर गेली आहे. म्हणजे जे शंभर ते तीनशेच्या मधले कारखाने पूर्वी परवानगीच्या कक्षेत होते, तेही आता बाहेर पडले. उद्योगाला मोकळीक हवी असे यावर सांगितले जाते. असेल. परंतु मोकळीक देताना दुसऱ्या पारड्यात काय टाकले ते पुढे पाहू.

बाबांची चोवीस वर्षांची नोकरी. कपातीची भरपाई दरवर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार, म्हणजे ३६० दिवसांचा. ग्रॅच्युइटी वेगळी, तीही वर्षाला पंधरा दिवसांचीच, पण महिना सव्वीस दिवसांचा धरून. दोन्ही मिळून रक्कम ऐकायला मोठी वाटते. आमच्याकडे ती ऐकून दोन नातेवाईक व्याजाने पैसे मागायला आले आणि एक जण प्लॉट दाखवायला. प्रत्यक्षात त्यातून आधी पतपेढीचे कर्ज वळते झाले.

पतपेढीविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण बाहेरच्या माणसाला ही गोम माहीत नसते. कारखान्यातील कामगारांची सहकारी पतसंस्था असते. कर्ज काढताना दोन जामीनदार लागतात आणि जामीनदार कोण, तर शेजारच्या यंत्रावरचे दोन दोस्त. त्यांच्या कर्जाला हा जामीन, याच्या कर्जाला ते. हप्ता पगारातून कापला जातो, म्हणून सारे सुरळीत चालते. एकट्याची नोकरी गेली तर बाकीचे सांभाळून घेतात. पण सगळ्यांचीच एकदम गेली म्हणजे? मग ज्याने मुलीच्या लग्नाला कर्ज काढले, त्याचे हप्ते थकले की नोटीस येते ती त्याच्या जामीनदाराला. आणि जामीनदार स्वतःच घरी बसलेला असतो. चोवीस वर्षे एका ताटात डबा खाल्लेली माणसे मी या कारणाने एकमेकांच्या दारात भांडताना पाहिली आहेत. मालकाशी भांडण झाले नाही. ते झाले आपसात.

शेजारी कोणी आले की बाबा म्हणायचे, "आज सेकंड शिफ्ट आहे." आई आतून ऐकायची आणि काही बोलायची नाही.

परंतु हे केवळ आमच्या एका घराचे रडगाणे नव्हे, आणि ते आजचेही नव्हे. महाराष्ट्राने याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर हे पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांमधला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर आले. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणे आणि एकाच मान्यताप्राप्त युनियनची सक्ती करणारा १९४६ चा कायदा रद्द करणे, या मागण्या होत्या. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरून गेला. आणि त्याच्याबरोबर हजारो माणसांच्या नोकऱ्याही विरल्या. संप योग्य की अयोग्य, सामंतांचे चुकले की मालकांनी डाव साधला, यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत आणि वाद अजून संपलेला नाही. मला त्या वादात पडायचे नाही. मला कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचे. ते सारे कसबी हात पुढे गेले कुठे?

गिरणीत सगळ्यांचे कसब एकजातीचे नव्हते. साचे खात्यातला विणकर हा गिरणीचा मानकरी. त्याला आपल्या साच्याची खोड माहीत असे. कोणता धागा कधी तुटेल हे त्याला आवाजावरून कळे. परंतु त्याचे हे सारे ज्ञान साच्याशी बांधलेले होते. साचा गेला की ते ज्ञान घेऊन जायचे कोठे? भिवंडीला, इचलकरंजीला, मालेगावला. जेथे यंत्रमाग होते तेथे. पुष्कळ जण गेलेही. काम तेच, पण बारा-बारा तासांची पाळी, पगार कमी, फंड नाही, रजा नाही. याउलट गिरणीच्या मिस्त्री खात्यातला फिटर किंवा वायरमन. त्याचे कसब कापडाशी बांधलेले नव्हते. पंप दुरुस्त करणे, बेअरिंग बदलणे, मोटार जोडणे हे त्याला कोठेही करता येण्यासारखे होते. एका गेटमधून बाहेर पडलेल्या दोन कामगारांच्या नशिबात एवढे अंतर पडावे, आणि तेही त्यांच्या मेहनतीवरून नव्हे तर पंधरा-वीस वर्षांपूर्वी मुकादमाने त्यांना कोणत्या खात्यात घातले त्यावरून, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आणि कोणत्या खात्यात कोण जाणार हे तरी कोठे मोकळे होते? धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणकामाच्या खात्यात प्रवेशच नव्हता. आणि पगार तर तेथेच अधिक. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघडपणे पुढे मांडला होता. तेव्हा 'ज्याच्या अंगी गुण तो तरेल' असे जेव्हा कोणी म्हणतो, तेव्हा त्याला विचारावे की गुण अंगी येण्याच्या दाराशी कोण उभे होते.

बाकीच्यांचे काय झाले? कित्येक जण कोकणात किंवा घाटावर गावी परतले. तेथे जमीन असलीच तर ती चार भावांत वाटलेली. काहींनी भाजीची गाडी लावली, काहींनी रखवालदारी पत्करली. घरे तगली ती बऱ्याच अंशी बायकांच्या कष्टांवर. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवण पुरवणाऱ्या खानावळवाल्या बायका होत्या; त्यांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले होते. संप लांबला तेव्हा या बायकांच्या ताटावर जेवणाऱ्यांकडे पैसेच उरले नाहीत. संपाचा इतिहास लिहिताना मोर्चे आणि पुढारी येतात. ही उधारी कोणी मोजली नाही. जयंत पवार यांचे 'अधांतर' हे नाटक १९९७ साली आले. त्यात गिरणी बंद पडल्यानंतरचे गिरणगावातले एक घर आहे. आपल्या वाङ्मय मंडळाने त्याचे वाचन एकदा जरूर करावे. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात 'संरचनात्मक बेकारी' या नावाखाली जे दोन परिच्छेद येतात, ते मग वेगळेच वाटू लागतात.

आता कसबी कामगाराने या प्रसंगाला तोंड कसे द्यावे, यावर उपदेश करणारे पुष्कळ आहेत. त्यांचा आवडता मंत्र म्हणजे 'नवे कौशल्य शिका'. या मंत्राचा मला राग येतो. त्यात असे गृहीत धरलेले असते की नोकरी गेली ती कामगाराला काही येत नव्हते म्हणून. वस्तुतः मागणी आटली म्हणून, मालकाला जमिनीचा भाव कारखान्यापेक्षा जास्त वाटला म्हणून, किंवा कायम कामगारापेक्षा कंत्राटी स्वस्त पडतो म्हणून ती गेलेली असते. मघाशी दुसऱ्या पारड्याचा उल्लेख केला. नव्या संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी पुनःकौशल्य निधीची तरतूद आहे. मालकाने प्रत्येक कामगारामागे त्याच्या शेवटच्या पगाराच्या पंधरा दिवसांइतकी रक्कम भरायची आणि ती पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. कल्पना चांगलीच आहे. पूर्वी एवढेही नव्हते. पण आयटीआयमध्ये फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो आणि वेल्डरचा एक वर्षाचा. पन्नाशीला आलेल्या माणसाने पंधरा दिवसांच्या पगारात कोणते नवे कौशल्य शिकायचे आणि शिकेपर्यंत खायचे काय, हे संहितेने सांगितलेले नाही.

असो. राग येऊन चूल पेटत नाही. खरोखर काय केल्याने माणसे तगली, हे मी आजूबाजूला पाहून जे समजले ते लिहिते.

सर्वांत पहिली गोष्ट कागदांची. आपल्याकडचा कामगार हाताने हुशार आणि कागदाला भिऊन असणारा. नेमणूकपत्र ट्रंकेत, पगाराच्या स्लिपा कधीच फेकून दिलेल्या, हजेरीकार्ड कंपनीत. गेट बंद झाल्यावर यांतले काहीही मिळत नाही. बाबांच्या एका सहकाऱ्याने पहिल्याच महिन्यात स्लिपांच्या झेरॉक्स काढून ठेवल्या, अनुभवाचा दाखला मागून घेतला, आणि 'हिशेब' घेताना कशाचे किती ते लिहून मिळेपर्यंत सही केली नाही. लोकांनी त्याला कटकट्या म्हटले. पुढे भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीत दोन वर्षांचा घोळ निघाला, तेव्हा त्या कटकट्याच्याच कागदांवर इतर सहा जणांची प्रकरणे उभी राहिली. कर्मचारी राज्य विमा योजनेतही नोकरी गेलेल्या विमाधारकाला भत्ता देणारी योजना २०१८ साली सुरू झाली. २०२० मध्ये तो भत्ता सरासरी पगाराच्या पंचवीस टक्क्यांवरून पन्नास टक्क्यांवर नेला गेला, जास्तीत जास्त नव्वद दिवसांसाठी. ती ठरावीक मुदतीची योजना असून मुदत वेळोवेळी वाढवली गेली आहे. आमच्या गल्लीत त्या वेळी तिचा फायदा घेणारा एकही माणूस मला भेटला नाही. योजना वाईट होती म्हणून नव्हे. ती आहे हे कोणी सांगितलेच नाही. युनियनने सांगायला हवे होते. आमच्या युनियनने नोकरी टिकवण्यासाठी जिवाचे रान केले, हे मान्य. पण नोकरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी काय, याचा विचार तिच्या कार्यालयात कोणी केलेला नव्हता. तो विचार म्हणजे जणू अपशकुन.

कायद्यातला आणखी एक हक्क असाच धूळ खात पडतो. कपात करताना त्या त्या प्रकारच्या कामात शेवटी आलेला आधी जावा, असा सर्वसाधारण नियम आहे. आणि पुन्हा भरती निघाली तर काढलेल्यांना आधी विचारले पाहिजे. पूर्वी या दुसऱ्या हक्काला मुदतीचे बंधन नव्हते. नव्या संहितेत ते एका वर्षाचे आहे. म्हणून त्या वर्षात कारखान्याच्या गेटवर काय चालले आहे यावर लक्ष ठेवावे लागते. चहाच्या टपरीवर ही बातमी रोजगार कार्यालयाच्या आधी पोहोचते.

पैशाच्या बाबतीत सांगायचे तर एकदम हातात आलेली रक्कम ही कमाई नसते, ती पुढच्या दोन वर्षांची शिधासामग्री असते. ज्यांनी गावी घर बांधायला काढले, त्यांची घरे स्लॅबपर्यंत येऊन थांबली. ज्यांनी आधी महागड्या व्याजाची कर्जे फेडली आणि उरलेले पोस्टात ठेवून महिन्याला ठरावीकच काढले, ते सावरले. यात काही मोठे अर्थशास्त्र नाही. पण भावकी, लग्ने आणि 'तुझ्याकडे आता पैसे आलेत' म्हणणारी माणसे यांच्यापुढे एवढे साधे अर्थशास्त्रही टिकत नाही.

काही जण आपले वर्कशॉप टाकतात. जुना लेथ घ्यायचा, गाळा भाड्याने घ्यायचा, जॉबवर्क करायचे. भोसरीत अशी उभी राहिलेली वर्कशॉपे आहेत आणि बुडालेलीही आहेत. चांगला कारागीर चांगला व्यावसायिक असतोच असे नाही. त्याला जॉबला किती वेळ लागेल ते सेकंदात सांगता येते, पण बिल मागताना त्याची जीभ अडखळते. माल उचलणारा मोठा कारखानदार चार-चार महिने पैसे देत नाही. २००६ च्या कायद्यानुसार लघुउद्योगाचे बिल जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत चुकते करणे बंधनकारक आहे आणि उशीर झाला तर चढे व्याज द्यावे लागते. परंतु व्याज मागणाऱ्याला पुढची ऑर्डर कोण देणार? म्हणून वर्कशॉप टाकणाऱ्याने यंत्राच्या किमतीइतकाच विचार तीन-चार महिन्यांच्या उधारीचाही करावा, असे जे टिकले ते सांगतात.

राहिले कसब. माझ्या मते खरा आधार तेथेच आहे, फक्त तो कसा वापरायचा हे कामगाराला कोणी दाखवत नाही. हाताने चालवायच्या लेथची जागा आता सी.एन.सी. यंत्रांनी घेतली आहे. त्यात आकड्यांच्या आज्ञा भरतात. 'जी-शून्य-एक' म्हटले की हत्यार ठरावीक गतीने सरळ रेषेत कापत जाते. पोरगा दार लावतो, बटण दाबतो, जॉब काढतो. बघणाऱ्याला वाटते, येथे जुन्या टर्नरचे काय काम? पण या यंत्रांवर दोन प्रकारची माणसे असतात, ऑपरेटर आणि सेटर. बटण दाबणारा ऑपरेटर. कोणते हत्यार, किती वेग, किती खोल काप, जॉब धरायचा कसा, हे ठरवणारा सेटर, आणि पगारही त्याला जास्त. सेटरला जे लागते त्यातले बारा आणे जुन्या टर्नरच्या अंगात आधीच असते. उरलेले चार आणे आज्ञांचे.

बाबा आठ महिने घरी बसल्यावर एका लहान वर्कशॉपमध्ये गेले, ते खरे म्हणजे जुने यंत्र विकत घेणाऱ्याला गिऱ्हाईक दाखवायला. तेथे एक बावीस वर्षांचा मुलगा लांब, सडपातळ शाफ्ट कापत होता आणि जॉबवर लाटा उमटत होत्या. तो आज्ञा पुन्हा पुन्हा तपासत होता. बाबा आवाज ऐकूनच म्हणाले, "प्रोग्रॅम बरोबर आहे रे. जॉब थरथरतोय. पलीकडून सेंटरचा टेकू दे आणि वेग उतरव." शाफ्ट स्वच्छ निघाला. मालक आतल्या केबिनमधून बाहेर आला. त्या दिवसापासून बाबा तेथे जाऊ लागले, आधी आठवड्यातून दोन दिवस, मग रोज. आज्ञा त्यांनी त्याच मुलाकडून शिकून घेतल्या. माझ्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर त्यांनी त्या मराठीत लिहून काढल्या आहेत. तो मुलगा त्यांना 'काका' म्हणतो आणि ते त्याला सी.एन.सी. पुरते 'मास्तर' म्हणतात. पगार मात्र पूर्वीच्या दोन तृतीयांशच आहे आणि नेमणूकपत्र अजून मिळालेले नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे; नाहीतर हा लेख गोड होईल आणि खोटा होईल.

बाबांना ते काम मिळाले ते योगायोगाने. त्यांच्या चोवीस वर्षांच्या ज्ञानाला कागदावर जागाच नव्हती. त्यांनी आयटीआय केलेले नाही. हेल्पर म्हणून लागले आणि बघून बघून शिकले. अशा अनुभवी कामगाराला व्यवसाय परीक्षेला खाजगी उमेदवार म्हणून बसण्याची सोय आहे. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधी शिकलेल्या कौशल्याला प्रमाणपत्र देण्याचीही तरतूद झाली. पण पन्नाशीच्या माणसाला परीक्षा या शब्दाचीच धास्ती असते. त्याला अर्ज लिहायचा असतो तो 'शिक्षण' या रकान्यापाशी थांबतो. पुढे 'अनुभव' या रकान्यात तो लिहितो: 'टर्नर, २४ वर्षे.' बस्स. कोणत्या यंत्रावर, कोणत्या धातूवर, किती सूक्ष्म मापापर्यंत, किती पोरांना शिकवले, यातले काहीच नाही. त्याला ते सांगण्यासारखे आहे असे वाटतच नाही. आणि येथे, माझ्या मते, आपला संबंध येतो.

आपण कला शाखेचे विद्यार्थी. आपल्याला यंत्र कळत नाही, पण विचारता येते, ऐकता येते आणि लिहिता येते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी झाडे लावतो आणि गावातला रस्ता झाडतो. ते चालू राहो. त्याच्या जोडीला या वर्षी एक प्रयोग करावा, असे मी प्राध्यापकांना सुचवले आहे आणि त्यांनी ते मान्यही केले आहे. दर शनिवारी दुपारी ग्रंथालयाच्या व्हरांड्यात चार विद्यार्थी बसतील. कामावरून कमी झालेला कोणीही कामगार तेथे येऊ शकेल. त्याच्याशी तासभर बोलून त्याच्या कामाची सविस्तर हकीकत दोन पानांत उतरवायची, अर्ज भरून द्यायचे, फंडाच्या नोंदी तपासायला मदत करायची. वाणिज्य विभागाच्या दोन मुली हिशेब पाहायला तयार आहेत.

पहिल्या शनिवारसाठी माझ्याकडे तीन नावे आली आहेत. एक वेल्डर, एक साचे बनवणारे टूलरूममधले काका, आणि एक बाई, ज्या सतरा वर्षे वायरिंगच्या असेंब्लीवर होत्या आणि ज्यांना कोणी कसबी कामगार म्हणून मोजलेलेच नाही. ज्यांच्या घरी असे कोणी असेल त्यांनी त्यांना घेऊन यावे. येताना आधार कार्ड, बँकेचे पुस्तक, नेमणूकपत्र आणि पगाराच्या सापडतील तेवढ्या स्लिपा आणाव्यात. काहीच सापडले नाही तरी यावे. कंपनीचे ओळखपत्र किंवा जुन्या डब्याच्या पिशवीत राहिलेला गेटपासही चालेल.